शेठचा उजवा गाल

३ फेब्रुवारी

ही डायरी जुनी आहे. दुकान चालू होतं तेव्हा गाद्यांचं कापड पुरवणाऱ्या गिरणीनं भेट दिली होती, ती कोरीच राहिली. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. मी वार खोडून टाकतो. वार कुठलाही असला तरी मला हॉस्पिटलात जाऊन चादरींच्या घड्याच घालायच्या असतात.

आज खोलीत दुसरा माणूस राहायला आला. मी त्याला वस्ताद म्हणतो. न्हावी आहे, म्हणजे होता. जन्मभर स्वतःचं सलून चालवलं, मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. हात जागेवर आहे, पण नको असलेल्या पाहुण्यासारखा नुसता असतो. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या विभागात मी धुतलेले टॉवेल पोचवायला जातो, तिथे आमची ओळख झाली. तो रबरी चेंडू दाबायला बघत होता आणि चेंडूला शिव्या देत होता. शिव्या फार कल्पक होत्या. मी टॉवेल हातात घेऊन ऐकत उभा राहिलो.

सलून आता त्याचा पुतण्या चालवतो. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसा, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोला." वस्ताद बसलाही काही दिवस. मग एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आजोबा, तुमचा नंबर कितवा?" त्या दिवशी उठला तो परत तिकडे फिरकला नाही. बायको पूर्वीच वारली, मूलबाळ नाही. मीच म्हटलं, माझ्या खोलीत एक खाट रिकामी आहे, चला. माझा स्वभावच तसा, कोणाचे हाल बघवत नाहीत. उपकार केल्याचं मी त्याला जाणवू देणार नाही.

त्याच्याबरोबर एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत वस्तरे आहेत म्हणाला. मी रात्री पेटीकडे तोंड करून झोपलो.

६ फेब्रुवारी

माणूस गुणगुणतो. सकाळी उठल्यापासून एकच ओळ, आणि तीही अर्धी. पुढची ओळ येते का, विचारलं तर म्हणाला, "येत असती तर हीच कशाला धरून बसलो असतो?"

खिडकी उघडी हवी म्हणतो. खाली टायरचं दुकान आहे, रबराचा वास येतो, म्हटलं. तर म्हणतो, "वास येतोय म्हणजे कोणीतरी काम करतंय, शेठ." मला शेठ म्हणतो. चेष्टेनंच म्हणतो, तरी मला राग आला नाही. फार दिवसांनी कोणी म्हटलं.

मग मी माझं सांगत बसलो. गाद्यांचा कारखाना, पुढे दुकान, मागे कापसाचे ढीग. कापूस मुठीत घेतला की मला कळायचं नवा आहे की जुनी गादी उसवून पिंजलेला. विकणारा शपथा घेईना का, हाताला फसवता येत नाही. पुढे फोमच्या गाद्या आल्या, भावानं त्याचा हिस्सा विकला. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मी तर अंथरूणच विकणारा, आणि पाय पसरायला जागा उरली नाही.

बायको मुलीकडे गेली आहे. नातू लहान होता, मुलीला मदत हवी होती. त्याचं जरा मार्गी लागलं की येईल. वस्तादनं विचारलं, "केवढा आहे नातू?" मी म्हटलं, "यंदा तिसरीत गेला." त्यानं खोलीभर नजर फिरवली. मग, वहिनींनी शिलाईचं मशीन इथेच ठेवलंय का, असं विचारलं. नेलंय, म्हटलं. मुलीच्या घरीही फाटकंतुटकं असतंच की.

१३ फेब्रुवारी

न्हाव्याचं पोर आधी फुग्यावर शिकतं म्हणे. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस उतरवायचा. फुगा फुटला नाही म्हणजे हात बसला. वस्ताद या वयात डाव्या हातानं फुग्यावर बसला आहे.

फुगवायचं काम माझ्याकडे, कारण त्याच्या ओठांच्या एका बाजूनं हवा निसटते. आज धडाधड फुटले. भिंतीवर फेस, आरशावर फेस, माझ्या चष्म्यावर फेस. चौथ्या की पाचव्या आवाजाला खालचा टायरवाला जिन्यानं धापा टाकत वर आला. "काय फुटलं? मी खाली सगळे टायर तपासून आलो!" वस्तादनं त्याला शांतपणे एक फुगा दिला आणि म्हणाला, "बसा, फुगवा. तुमचा तर धंदाच हवेचा आहे."

टायरवाला खरंच बसला. मी इतका हसलो की बरगड्या दुखल्या. झोपताना लक्षात आलं, या खोलीत मी पहिल्यांदाच हसलो. खोलीला बिचारीला कळलं नसेल काय झालं ते.

२२ फेब्रुवारी

आज एकही फुगा फुटला नाही. वस्तादनं शेवटचा फुगा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं. तो म्हणाला, "फुग्याला हाड नसतं, शेठ."

मी म्हटलं, मला जीव आहे. तो म्हणाला, म्हणूनच विचारतोय.

बसलो. आपणच खोलीत आणलेला माणूस, सांगतो कोणाला. तीन ठिकाणी कापलं. तुरटी लावली तेव्हा मी त्याच्या चेंडूच्या शिव्या त्यालाच परत दिल्या.

पण एक लिहायचं आहे. कापायच्या आधी त्यानं गरम पाण्यात पिळलेला टॉवेल माझ्या तोंडावर ठेवला. मग डाव्या हाताची बोटं हनुवटीखाली घालून माझं तोंड हळूच उजेडाकडे वळवलं. माझ्या तोंडाला कोणाचा हात शेवटचा कधी लागला ते आठवेना. डोळे भरून आले. तो म्हणाला, "झोंबतंय का?" तुरटी लावायला अजून अवकाश होता, पण मी हो म्हटलं.

१० मार्च

लोक सकाळी दाढी करतात, आमची संध्याकाळी असते. मी हॉस्पिटलातून येतो, पाणी तापवतो, तो खुर्ची खिडकीशी सरकवतो. कापणं आता बंद झालं आहे. कुठे राहिलं ते मी सांगायचं, तो पुन्हा हात फिरवतो. मधल्या वेळात गप्पा. म्हणजे तोच बोलतो, माझ्या तोंडाला फेस असतो. माझ्या बायकोची तक्रार होती की मी कोणाचं ऐकून घेत नाही. फेस लावून बसवायला हवं होतं तिनं.

आज तो म्हणाला, "शेठ, स्वच्छ झाली की तुम्हीच सांगायचं. उजव्या हाताचं मला पटायचं, तो माझा होता. हा डावा अजून परका आहे, त्याच्यावर विश्वास नाही. तुमचा गाल ज्या दिवशी म्हणेल झाली, त्या दिवशी मी काम शोधतो. राहण्याची सोय असलेलं बघीन. किती दिवस तुमच्या खोलीत अडचण करणार?"

मी "छे छे, अडचण कसली" म्हटलं. तोंडात फेस गेला.

१९ मार्च

आज स्वच्छ झाली.

त्यानं विचारलं तेव्हा मी गालावर हात फिरवला. दोन्ही गाल, हनुवटी, गळा, कानाजवळची ती अवघड जागा. खुंट नावाला नव्हता. मी म्हटलं, "उजव्या जबड्याखाली राहिलंय."

त्यानं हाताची पाठ माझ्या जबड्याखालून हळूच ओढली. पाठीनंच बघतात ते, तळव्याला खुंट नीट समजत नाहीत म्हणे. एकदा ओढली, पुन्हा एकदा ओढली. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "हो," म्हणाला, "राहिलंय खरं." आणि पुन्हा ब्रश पाण्यात बुडवला.

मी खोटं का बोललो याचा विचार केला. न्हाव्याचं काम म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यावर धार. घाई करून चालणार नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर तोंड कुठे लपवायचं त्यानं? त्याच्या भल्यासाठीच बोललो. असं लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

२ एप्रिल

रोज राहतंय. कधी उजवीकडे, कधी नाकाखाली. तो रोज हाताची पाठ फिरवतो, रोज "हो, राहिलंय" म्हणतो. आणि पुन्हा फेस लावतो. दुसऱ्या वेळचा फेस पहिल्यापेक्षा मऊ लागतो. बिचाऱ्याचा डावा हात भोळा आहे, मी सांगीन ते त्याला पटतं.

संध्याकाळी मुलीला फोन केला. आईला दे म्हटलं. "बाबा, ती झोपली आहे." बाहेर अजून लख्ख ऊन होतं. वय झालं की माणूस लवकर झोपतो.

फोन ठेवून जिन्यात आलो तर वस्तादही खालच्या पायरीवर फोनवर बोलत होता. "नाही हो, अजून नाही. शेठ म्हणतात राहतंय. नाही, नाही, त्यांच्याशिवाय नाही मी हो म्हणणार." मला बघून त्यानं फोन बंद केला. पुतण्याचा असेल. त्याला आता काकांची आठवण आली वाटतं. मला बरंही वाटलं आणि धसकाही बसला.

११ एप्रिल

मोठ्या सिस्टरनी आज मला कपड्यांच्या खोलीत गाठलं. त्या सगळ्या वॉर्डांवर देखरेख करतात, त्यांच्यापुढे डॉक्टरही खिशातले हात बाहेर काढतात. गावाबाहेर टेकडीवर आरोग्यधाम आहे, मोठ्या आजारातून उठलेली माणसं तिथे महिनोन्‌महिने राहतात. तिथे न्हावी हवा आहे. राहायला खोली, जेवण तिथेच. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या खोलीतल्या त्या काकांचा हात खरंच तयार नाही का हो?"

हातातल्या चादरीची घडी चुकली. मी ती उलगडून पुन्हा घातली. मग म्हटलं, "अजून वेळ आहे, सिस्टर. धारेचं काम आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बघा बुवा. ती माणसं वाट बघतायत. वाढलेल्या दाढीनं माणसाला आपण बरे झालो असं वाटतच नाही."

मी वस्तादला हे सांगितलेलं नाही. सांगणार होतो. पाणी तापवलं, तो खुर्ची सरकवत होता, तीच अर्धी ओळ चालली होती. उद्या सांगीन.

१२ एप्रिल

नाही सांगितलं.

१६ एप्रिल

टायरवाल्याला कुठे तरी पाहुणा म्हणून जायचं होतं. मी कामावर असताना तो वर आला आणि वस्तादकडून दाढी करून गेला. मी परत आलो तर दुकानापुढे उभा राहून स्वतःचेच गाल चोळत होता. "शेठ, बघा, बघा हात लावून. लोणी! असला हात गावात नाही."

मी म्हटलं, "तुमच्या गालाचं काय घेऊन बसलात? तुम्ही दिवसभर टायर चोळता. तुम्हाला वीटसुद्धा लोणीच लागेल." तो हसला. मी हसलो नाही.

वर गेलो. वस्तादनं नेहमीसारखं माझ्या तोंडाला फेस लावला. संपल्यावर म्हणाला, "काय, शेठ?" मी म्हटलं, "हनुवटीपाशी." तो म्हणाला, "हनुवटीपाशी." आणि दुसरा फेस लावला. त्याच्या आवाजात थट्टा होती का? चोराच्या मनात चांदणं.

२० एप्रिल

बोंब झाली. टायरवाल्याला चटक लागली, आज सकाळी पुन्हा वर येऊन दाढी करून गेला होता. दुपारी त्याचं बोट जॅकखाली सापडलं, पट्टी बांधायला हॉस्पिटलात गेला आणि तिथे मोठ्या सिस्टरना त्याचा गाल दिसला. बोट राहिलं बाजूला, दाढी कोणी केली हे त्यांनी आधी विचारलं. आणि तो गडी बोट रक्तानं भरलेलं असताना वस्तादचं कौतुक सांगत बसला.

संध्याकाळी सिस्टर स्वतः जिने चढून खोलीवर आल्या. परवा आरोग्यधामच्या बाई येणार आहेत, व्यायामाच्या खोलीत, वस्तादनं कोणाची तरी दाढी करून दाखवायची. "कोणाची करणार?" सिस्टरनी विचारलं.

"शेठची," वस्ताद म्हणाला. "हात त्यांच्याच गालावर शिकलाय."

मी मान डोलावली. माझ्याकडे बघून सिस्टर म्हणाल्या, "मग तुम्ही नीट बसा म्हणजे झालं."

२१ एप्रिल

खरं लिहितो. डायरीत तरी काय लपवायचं.

मी आरशापुढे बसून बघितलं. वस्तरा जबड्याच्या कडेवर असताना मान जराशी, अगदी जराशी वळवली की झालं. खोकला आला म्हणायचं. लहानशी चीर पडेल, एवढंच. माझ्याच गालावर पडेल. बाई नाही म्हणतील, तो परत येईल, खुर्ची खिडकीशी सरकवेल. कोणाचं काही वाईट होणार नाही.

तो गेला तर मी कोणाशी बोलू? सहा वाजता खोलीवर येऊन काय करू? दुसऱ्या खाटेवर काय ठेवू, पिशव्या? मला या खोलीत पुन्हा एकटं राहायची भीती वाटते. लहान मुलाला अंधाराची वाटते तशी वाटते, आणि हे वय म्हणजे काय सांगायचं.

शेजारच्या खाटेवर वस्ताद जागाच होता. म्हणाला, "शेठ, झोपा. उद्या गालाला सूज असली तर वस्तरा अडखळतो."

२२ एप्रिल

आरोग्यधामच्या बाई बारीक अंगाच्या, पायात कापडी बूट, कमी बोलणाऱ्या. मोठ्या सिस्टर दाराशी उभ्या. मी खुर्चीत बसलो. वस्तादनं टॉवेल ठेवला, ब्रश फिरवला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. एका हातानं पातं घालतो तो, दातांनी कागद फाडून. बाई ते बघत होत्या.

डावा गाल झाला. वरचा ओठ झाला. गळा झाला. उजवा गाल उरला, तेव्हा तो माझ्यावर वाकला. त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं. वस्तरा जबड्याच्या कडेवर होता.

अगदी हळू म्हणाला, "हललात तरी चालेल, शेठ. मी काही मनाला लावून घेणार नाही."

ह्याला कळलं होतं. कालचंच नाही, सगळंच. तो वस्तरा जागच्या जागी धरून थांबला होता. मी ठरवावं म्हणून थांबला होता. नोकरी, खोली, टेकडी, सगळं त्यानं माझ्या मानेवर सोडून दिलं होतं, आणि घाई अजिबात नव्हती त्याला.

मी हललो नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते फेसात जात होतं, पण मान मी दगडासारखी ठेवली. वस्तरा खाली आला, कडेवरून वळला आणि पुसला गेला.

बाई पुढे आल्या. "हात लावू का?" त्यांनी हाताची पाठ माझ्या गालावरून फिरवली. मग मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "स्वच्छ आहे. कुठेच राहिलेलं नाही. बरेच दिवस राहत नाही."

संध्याकाळी खोलीवर मी त्याला धरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हाताला कळतं हो," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना कापसाचं?"

"मग बोलला का नाहीत? सिस्टर तुम्हाला आधीच विचारत होत्या ना? तो जिन्यातला फोन पुतण्याचा नव्हता?"

"पुतण्याला कुठली फुरसत. दोनदा विचारलं त्यांनी. दोनदा नाही म्हटलं."

"अहो पण का?"

तो खाटेवर बसला. निर्जीव उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. "तुम्हाला दुसरा फेस हवा असायचा. मला काय, घाई होती का कुठे? तिकडे गेलो की तिथली माणसं मला न्हावी म्हणणार. इथे तुम्ही वस्ताद म्हणता."

मी त्याच्यावर ओरडलो. मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, एवढी चालून आलेली संधी, म्हटलं. खालून टायरवाल्यानं विचारलं, काय फुटलं? मी म्हटलं, काही नाही, तुमचं तुम्ही बघा. मग खाली बसून रडलो. आज वस्ताद गुणगुणलासुद्धा नाही.

२८ एप्रिल

गेला. पिशवी मी बसपर्यंत नेली, पेटी त्यानं स्वतः नेली. बसमध्ये चढताना डाव्या हातानं दांडी धरली आणि पेटी पायरीवर ठेवावी लागली, तेव्हा मी ती वर दिली. "येईन," म्हणाला. मी म्हटलं, "या." बसवाल्यानं घंटा दिली.

२९ एप्रिल

काही नाही.

४ मे

दाढी केली नाही. हॉस्पिटलात सिस्टर म्हणाल्या, "काय हो, आजारी?" नाही म्हटलं.

खिडकी उघडी ठेवतो. रबराचा वास येतो.

९ मे

मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई झोपली आहे. मी म्हटलं, "असू दे, उठवू नको. मला एवढंच सांग, ती परत येणार नाही ना?"

मुलगी म्हणाली, "नाही, बाबा." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "मशीन चांगलं चालतंय ना तिचं?" चालतंय म्हणाली. ब्लाउज शिवते, बायका येतात शिवून घ्यायला, तिचा वेळ चांगला जातो. मी म्हटलं, बरं झालं. खरंच म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र जेवलो नाही.

१७ मे

आज सुट्टी घेतली आणि आरोग्यधामला गेलो. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते, पुढे चढ आहे. दोनदा थांबलो. एकदा परत फिरायचंही मनात आलं. त्याला कामात त्रास कशाला, म्हटलं. मग म्हटलं, एवढा चढलोय तर.

लांब ओसरीवर बाकं होती आणि बाकांवर माणसं. पुरुष सगळे दाढी वाढलेले, वाट बघत होते. शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं, आत वस्ताद पाठमोरा उभा होता. अंगात पांढरा डगला, खुर्चीत कोणी म्हातारा. वस्ताद तीच अर्धी ओळ गुणगुणत होता. वस्तऱ्याचा खरखर आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी आत गेलो नाही. माझीही दाढी वाढलेलीच होती, बाकावर जागा होती, बसलो.

शेजारी एक म्हातारी होती, गुडघ्यांवर शाल घेतलेली. ती तिथलीच असावी. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "नवीन आलात का?"

"नाही. भेटायला आलोय."

"कोणाला?"

मी दाराकडे बोट दाखवलं.

"त्या डावऱ्या न्हाव्याला?" ती पुढे सरकली. "माझ्याकडे कोणी येत नाही, म्हणून मी सगळ्यांचं विचारून घेते. भाऊ का तुमचा?"

"नाही."

"मग? एवढा चढ चढून आलात म्हणजे कोणीतरी लागत असणारच. कोण लागतो?"

एका खोलीत राहायचो, असं सांगणार होतो. तोंड उघडलं. दोस्त म्हणावं तर आम्ही अजून एकमेकांना अहो-जाहो करतो. ओळखीचा म्हणावं तर जीभ रेटेना. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, पलीकडच्या बाकावरचे दोघंही बघायला लागले.

"माझा माणूस आहे तो," मी म्हणालो.

जरा मोठ्यानंच म्हणालो असेन. आतलं गुणगुणणं बंद झालं, वस्तराही थांबला. मग वस्तरा पुन्हा चालू झाला.